लागले तेव्हा दुखले नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर इथल्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. ते नावारूपाला आणणारे प्रो. माणिकराव व्यायामाचे आचार्य होतेच, पण निखळलेला सांधा बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. आखाड्यात कुस्ती लढलेल्या कोणालाही विचारले, तर खांदा नेमका कधी निखळला हे त्याला सहसा सांगता येत नाही. हौद्यातून बाहेर येऊन अंगावरची माती पुसू लागल्यावर हात वर उचलेना, एवढेच त्याला आठवते.

याला आपण जिद्द म्हणतो. परंतु त्या काही मिनिटांत शरीराने वेदना खरोखरच अडवलेली असते. ती कशी अडवली जाते, याचा शोध लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ जॉन लीबेस्किंड यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत घेतला. १९७१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, उंदराच्या मध्यमेंदूतील एका करड्या भागाला सौम्य विद्युत्प्रवाह दिला असता तो उंदीर जागा राहतो, इतर संवेदनांची दखल घेतो, मात्र वेदनेला प्रतिसाद देत नाही. मज्जारज्जूतून वर निघालेली वेदनेची वार्ता मेंदू खाली निरोप धाडून वाटेतच थांबवू शकतो, असा याचा अर्थ होता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये सापडली. पुढच्याच वर्षी लीबेस्किंड यांच्या गटाने सिद्ध केले की, अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फीनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्झोन हे औषध विद्युत्प्रवाहाने मिळालेली ही वेदनामुक्तीही काही अंशी घालवते.

पण पैलवानाच्या मेंदूत कोणी तार घातलेली नसते. मग ही यंत्रणा निसर्गतः जागी कशाने होते? उत्तर होते, ताणाने. १९८० चा त्यांचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. उंदरांच्या पायांना विजेचे झटके दिल्यावर त्यांची वेदना काही काळ कमी होत असे. झटके तीन मिनिटे सलग दिले, तर नॅलॉक्झोनने काहीच फरक पडत नसे. तेच झटके थांबून थांबून अर्धा तास दिले, तर मात्र ती वेदनामुक्ती नॅलॉक्झोनने नाहीशी होत असे, म्हणजे ती मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांमुळे होती. झटके तेच, त्यांची लय आणि मुदत वेगळी, आणि तेवढ्यानेच मेंदू वेगळी वाट धरतो.

हाच ताण महिनोन्‌महिने चालला, की चित्र पालटते. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाजवळ, वेदना दाबणाऱ्या पेशींच्या शेजारीच ती वाढवणाऱ्याही पेशी असतात. दीर्घ ताणात पारडे या दुसऱ्या पेशींकडे झुकू शकते आणि साधा स्पर्शही बोचू लागतो.

माझ्या आईची पाठ बाबांच्या आजारपणात दुखायला लागली. सगळ्या तपासण्या ठीक आल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, मनाचे आहे.’ ते ऐकल्यापासून आईने दुखते म्हणून सांगणेच बंद केले. ज्या दुखण्याला मेंदूत ठिकाण आहे, पेशी आहेत, रसायने आहेत, त्याला ‘काही नाही’ म्हणणे मला आजही अन्यायाचे वाटते.

लीबेस्किंड याहीपुढे गेले. त्यांच्या गटाने उंदरांवर शस्त्रक्रिया केली, तेव्हा शरीरात सोडलेल्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसांत अधिक रुजल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी मॉर्फीन दिलेल्या उंदरांत हे प्रमाण घटले. माणसाच्या बाबतीत असाच निष्कर्ष थेट काढता येत नाही. तरीही वेदना जीवघेणी ठरू शकते, असे त्यांनी १९९१ मध्ये निःसंकोच लिहिले, आणि शस्त्रक्रियेनंतर कण्हणाऱ्या रुग्णाला ‘जरा सोसा’ म्हणण्याच्या सवयीवर बोट ठेवले.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी आईची पाठ तपासण्याआधी तिला विचारले, ‘काकू, रात्री झोप लागते का?’ आई अर्धा तास बोलत होती.