ॲट्रोपिन किती द्यायचं?

(दृश्य: रात्र. सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. ट्रेमध्ये काचेच्या ॲम्पूल.)

एका ॲम्पूलमध्ये एक मिलिलिटर, त्यात ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन. एरवी नाडी फार मंदावली तर एखाद-दुसरी ॲम्पूल पुरते. पण कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण आला, की त्यावरचा उतारा म्हणून सिस्टरांना खोकंच जवळ घेऊन बसावं लागतं. सुरुवात तीन ते पाच ॲम्पूलनं. पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावायचा. घरघर तशीच असेल, तर मात्रा दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट.

रुग्णाकडे बघा. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लाळ, अश्रू, उलट्या, जुलाब, कपड्यांतच लघवी, अंग घामानं निथळतंय. सगळ्यात घातक प्रकार मात्र आत चाललाय. श्वासनलिका आवळल्या आहेत आणि त्यांत स्राव भरत चाललाय. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतोय.

विदर्भातल्या डॉक्टरांना हे नवं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, अनेकांचा जीव गेला. पंपात निरनिराळी औषधं होती, बरेचदा एकत्र कालवलेली. त्यांतली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली.

(दृश्य: ॲनिमेशन. मज्जातंतूचं टोक.)

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन सुटतं, समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागेला, चिकटतं, आणि लगेच एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं हे एन्झाइम निकामी करतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि रिसेप्टरना उसंत मिळत नाही.

मज्जातंतू असं रसायन सोडतात, हे दाखवलं १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी. त्यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाच्या व्हेगस या हृदयाची गती कमी करणाऱ्या मज्जातंतूला विजेनं चेतवलं, ते मंदावलं. त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं! मज्जातंतूला हात न लावता, नुसत्या पाण्यानं. १९३६ चं नोबेल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळून दिलं गेलं.

डेल यांनी त्याआधीच, १९१४ मध्ये, ॲसिटिलकोलिनच्या परिणामांचे दोन गट पाडले होते. एक लाल छत्रीच्या विषारी अळंबीतल्या मस्कारिनसारखा, दुसरा तंबाखूतल्या निकोटिनसारखा. ही विभागणी आजही अतिदक्षता विभागात जाणवते, कारण ॲट्रोपिन फक्त मस्कारिनिक रिसेप्टर अडवतं. घाम थांबतो, छाती मोकळी होते, नातेवाईक घरी फोन करून सांगतात की आता बरं आहे. हातापायांचे आणि श्वासाचे स्नायू मात्र निकोटिनिक रिसेप्टरवर चालतात. एक ते चार दिवसांत अशा रुग्णाला उशीवरून मान उचलता येईनाशी होऊ शकते, मग श्वास कमी पडतो. ॲट्रोपिन तालुक्यालाही असतं. व्हेंटिलेटरसाठी बहुतेकदा जिल्हा गाठावा लागतो.

मस्कारिनिक रिसेप्टर पाच प्रकारचे, एम-१ ते एम-५. एम-२ हृदयाची गती कमी करतो. ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय इथला कारभार मुख्यतः एम-३ कडे. मघाचा सगळा गोंधळ बराचसा त्याचाच. एम-१ आणि एम-४ चं मोठं काम मेंदूत.

ॲट्रोपिन या पाचांत भेद करत नाही. म्हणून थांबायचं कुठं, हे डॉक्टरांच्या कानांवर सोपवलेलं असतं. नुसत्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही. छाती स्वच्छ ऐकू यायला हवी, नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही ८० च्या वर हवेत. त्यापुढे फार गेलं, तर रुग्ण बरळतो, हवेत काहीबाही पकडू लागतो, अंग कोरडं आणि तापलेलं, लघवी अडलेली.

(दृश्य: शंकराच्या देवळाची पायरी, धोतऱ्याची फुलं.)

धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूसही असाच दिसतो. त्यातही ॲट्रोपिनचीच भावंडं आहेत. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याची इथली रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासेतून ब्रिटनला गेली. आज तेच काम टायोट्रोपियमचा इनहेलर करतो, आणि तो फुप्फुसापुरताच राहतो. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या कितीतरी बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, होतो. त्यांच्या उपचारातलं हे एक मुख्य औषध.

घरोघरी चालणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं असं आम्हाला वाटतं. आजींची स्मरणशक्ती कमी होतेय म्हणून डोनेपेझिल सुरू होतं. ते ॲसिटिलकोलिन वाढवतं. त्यानं कधीकधी लघवीची घाई होते. मग दुसरे डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन देतात, जे मस्कारिनिक रिसेप्टर अडवतं. त्यात सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी आणि झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन. या शेवटच्या तिन्ही गोळ्यांचा भार एकाच जागी, मस्कारिनिक रिसेप्टर अडवण्यावर, पडतो. आजी संध्याकाळी माणसं ओळखेनाशा होतात, आणि घरचे म्हणतात, वयच झालंय. सगळ्या गोळ्यांची पिशवी एकाच डॉक्टरांपुढे ओतली, तर निदान हे लक्षात तरी येतं.

(दृश्य: प्रयोगशाळा.)

मेंदूतल्या एम-१ आणि एम-४ ला चेतवणारं झानोमेलिन १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं गेलं. रुग्णांचे भास कमी झाले, पण मळमळ आणि उलट्यांनी ते बेजार झाले. औषध बाजूला पडलं. पुढे कुणाला तरी साधी युक्ती सुचली: सोबत ट्रॉस्पियम द्यायचं. ते मस्कारिनिक रिसेप्टर अडवतं, पण मेंदूत जवळजवळ शिरत नाही. पोट शांत, मेंदूत काम चालू. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारासाठी ही जोडी मंजूर केली. आधीची औषधं डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडवणारी; ही त्या वाटेनं जात नाही.

लगेच नोव्हेंबरमध्ये एम्राक्लिडिनच्या चाचण्यांचे निकाल आले. हे औषध फक्त एम-४ चं काम वाढवणारं, पाचांतल्या एकालाच गाठणारं. दोन्ही चाचण्यांत ते नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. एकटा एम-४ पुरतो, की त्याला एम-१ ची साथ लागते, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.