दुमजली बसचा जिना

श्रोतेहो, नमस्कार.

चिंपांझी आणि गोरिला हे आपले जवळचे नातलग दिवसातले आठ-दहा तास बसून, लोळून आणि एकमेकांचे केस निवडून घालवतात, तरीही त्यांच्यात मधुमेह क्वचितच आढळतो. आपण तसे बसून राहिलो, तर दुखणी मागे लागतात. असे का, हे सांगण्याआधी मला एका जिन्याची गोष्ट सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत होते आणि कारण उमगत नव्हते, तेव्हा जेरी मॉरिस या डॉक्टरांनी शहरातील बस कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी तपासायला घेतल्या. बस एकच, दुमजली. परंतु चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटे देण्यासाठी रोज 500 ते 750 पायऱ्या चढणारा. वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. (मुंबईच्या जुन्या दुमजली बसमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन वाहक असत, त्यामुळे हा शोध आपल्याकडे लागला नसता, तरीही ती बस गेल्याची हळहळ मला अजून वाटते.) हे निष्कर्ष 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका कोणीही घेतली असती. म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदींतून पँटच्या कमरेची मापे काढली. चालकांच्या कमरा खरोखरच रुंद निघाल्या, परंतु बारीक असो वा जाडा, वाहकाला धोका कमीच होता. पुन्हा सांगतो: कमरेचे माप तेच, फरक जिन्याचा.

आता उत्क्रांतीकडे वळू. सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी आपले पूर्वज शिकारीसाठी आणि कंदमुळांसाठी दूरवर पायपीट करू लागले. ही पायपीट रोजचीच असल्यामुळे रक्तवाहिन्या लवचीक ठेवणे, स्नायूंनी रक्तातील साखर उचलणे अशी कामे शरीराने हालचालीच्या भरवशावर सोडली. वानरांना तशी गरज पडली नाही. अन्न मात्र कष्टाने मिळत असे, म्हणून विनाकारण शक्ती खर्च न करण्याची वृत्तीही तितकीच जुनी आहे. पहाटे अंथरूण न सोडणाऱ्याला आळशी म्हणून हिणवणे मला त्यामुळेच अन्यायाचे वाटते. हालचालीची गरज वारशाने आली आहे, आणि तिचा कंटाळाही वारशानेच आला आहे.

मॉरिस स्वतः रविवारी सकाळी लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या माळावर कोट मुलांच्या हाती देऊन धावत, आणि लोक त्यांना वेडे समजत. 2009 मध्ये, वयाच्या 99 व्या वर्षी ते वारले.