कागदाचा दोष, माणसाच्या माथी

(दृश्य: टेबलावर पसरलेलं एक समन्स. कॅमेरा वरून सावकाश खाली सरकतो.)

न्यूयॉर्क शहर. पदपथावरून सायकल चालवली, उघड्यावर दारू प्यायली, बाग बंद झाल्यावरही आत थांबलं, अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी पोलिस जागच्या जागी समन्स हातात देतात. दिलेल्या तारखेला कोर्टात हजर व्हायचं. नाही झालं, तर अटक वॉरंट. २०१५ साली यातले साधारण ४० टक्के लोक तारखेला फिरकलेच नाहीत.

मुद्दाम टाळलं असेल? पुढे संशोधकांनी हे विचारलं, तेव्हा सर्वसामान्य लोकांचा कल तिकडेच होता. रोज ही प्रकरणं हाताळणाऱ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं.

आता हा जुना कागदच पाहा. मथळा, 'तक्रार/माहिती'. त्याखाली नाव, पत्ता, आरोप. कोर्टाची तारीख शोधायची तर नजर तळापर्यंत न्यावी लागते. आणि गैरहजर राहिलात तर वॉरंट निघेल, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला, मजकुराच्या गर्दीत. कागद बनवताना डोळ्यांसमोर पोलिसाची नोंद होती, कारकुनाची फाइल होती. तो खिशात घालून घरी जाणारा माणूस नव्हता.

(दृश्य: जुन्या कागदाशेजारी नवा.)

२०१६ मध्ये नमुना बदलला. मथळ्यातच कळतं की कोर्टात हजर व्हायचंय. तारीख आणि ठिकाण सर्वांत वर, वॉरंटचा इशारा दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत. कायदा तोच, शिक्षा तीच. गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. मग काहींना तारखेआधी मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, काहींना नाही. कोणाला पाठवायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगावर ठरवलं. संदेश मिळालेल्यांत गैरहजेरी २१ टक्क्यांनी कमी भरली. या दोन उपायांमुळे तीन वर्षांत ३० हजार वॉरंट कमी निघाली. विसरभोळेपणापायी बेड्या पडायची वेळ आलेली ही माणसं होती. एवढ्याशा बदलाला इतकी वर्षं का लागावीत, याची चीड येते.

मानवकेंद्री रचना म्हणतात ती हीच. सेवा घेणाऱ्याच्या जागी बसून बघायचं, तो कुठे अडतो ते शोधायचं, आणि काढलेला तोडगा खरंच चालतो का, हे तपासायचं.

हे तपासणंच बहुतेकदा राहून जातं. ब्रिटनमध्ये २०१३ साली वाहनविषयक सरकारी संकेतस्थळावर काम उरकलेल्यांना अवयवदानासाठी नाव नोंदवण्याचं आवाहन केलं गेलं. आठ वेगवेगळे मजकूर केले आणि दहा लाखांहून अधिक लोकांपुढे आळीपाळीने ठेवले. एकात हसऱ्या माणसांचा फोटो होता. बैठकीत मतं घेतली असती, तर बहुधा तोच निवडला गेला असता. प्रत्यक्षात त्याने साध्या मजकुराहूनही कमी नोंदणी झाली! सर्वांत सरस ठरला तो एक सरळ प्रश्न: तुम्हाला अवयवाची गरज पडली, तर तुम्ही घ्याल ना? मग इतरांनाही मदत करा.

(दृश्य: शंभराहून जास्त प्रश्नांचा अर्ज, पानामागून पान.)

हा अमेरिकेतला, कॉलेजसाठी आर्थिक मदत मागण्याचा त्या काळचा अर्ज. २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग झाला. ती एका करसेवा कंपनीच्या कार्यालयात करविवरणपत्र भरायला आली, तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्याने आधीच हाती असलेली माहिती वापरून त्यांचा हा अर्जही काही मिनिटांत भरून दिला. बारावीच्या वर्गातल्या अशा मुलांत दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं.

आणखी एका गटाला मदत किती मिळेल ते सांगितलं, अर्ज भरा म्हणून आग्रह केला, पण भरायचं त्यांच्यावरच सोडलं. त्या गटात काहीच फरक पडला नाही. ज्या खात्यांची सगळी भिस्त माहितीपत्रकांवर आहे, त्यांनी हा निकाल नीट वाचायला हवा.