ठाणे खाडीत गोडं पाणी किती येतं?

(दृश्य: पारसिकच्या डोंगराची रांग, पायथ्याशी कारखान्यांची छपरं, त्यापलीकडे खाडी.)

ठाण्याच्या खाडीला स्वतःची म्हणावी अशी मोठी नदी नाही. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला येते खरी, पण ती घोडबंदरकडे वळते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. ठाणे खाडीशी तिचं नातं एका चिंचोळ्या फाट्यापुरतं. मग सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीत गोडं पाणी येतं कुठून? एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला पारसिक, आणि दोन्हीकडून उतरणारे नाले. फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला गर्दी होते. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नाल्यांकडे मात्र नाक दाबूनच पाहिलं जातं.

(दृश्य: नाल्याच्या काठाने चाललेली दोन मुलं, हातात टेप आणि काठीला बांधलेलं मीटर.)

घणसोलीच्या वर गवळीदेवाचा डोंगर आहे. त्या बाजूचं पाणी एमआयडीसीतून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालून, मग रेल्वेखालून वाट काढत तिवरांत शिरतं. ते मोजायचं तर पहिला प्रश्न एकच: उभं कुठे राहायचं?

तिवरांपाशी उभं राहून भागत नाही. तिथे दिवसातून दोनदा नाला उलटा वाहतो. सकाळी खाडीकडे जाणारं पाणी दुपारी भरतीबरोबर माघारी येतं, आणि तेच पाणी आपण दोनदा मोजून मोकळे होतो. म्हणून भरती जिथवर पोचते, त्याच्या वरची जागा शोधायची. त्यासाठी उधाणाचा दिवस धरायचा, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना भरतीचं वेळापत्रक लागत नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अमावस्येला पंधरा धरून सव्वाअकरा-बाराच्या आगेमागे. खाडीत आत थोडा उशीर होतो, तेवढं धरून चालायचं.

(दृश्य: मीटरचा पडदा, अगदी जवळून.)

हे पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं मीटर. क्षार जास्त, तर आकडा मोठा. डोंगरातल्या ओढ्यात तो शंभर-दोनशेच्या घरात असतो, समुद्राच्या पाण्यात पन्नास हजारांच्या. आता नीट बघा. काठीचं टोक वरच्या थरात आहे, आकडा लहान. काठी हळूहळू तळाला नेली, की आकडा उसळी मारतो. खारं पाणी जड, त्यामुळे ते तळाशी सरपटत आत येतं आणि गोडं पाणी त्याच्या डोक्यावरून वाहत राहतं. नुसतं वरचं पाणी तपासणारा माणूस इथे हमखास फसतो. तळाशीही आकडा लहान राहील, तिथपर्यंत वर चालत जायचं. मापाची जागा ती.

मापाचं गणित सोपं आहे. पात्राचा छेद गुणिले वेग. या काठापासून त्या काठापर्यंत टेप ताणायचा, ठरावीक अंतरावर खोली घ्यायची, आणि दर ठिकाणी करंट मीटर, म्हणजे प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र, पाण्यात धरायचं. उथळ पाण्यात वरून ०.६ खोलीवरचा वेग सरासरीच्या जवळ असतो, म्हणून मीटर तिथे. त्याचं वाट्यांचं चाक फिरतं, फेऱ्या मोजल्या की वेग कळतो. आपल्या नाल्यांत त्या चाकात पिशवीची चिंधी अडकतेच. ती काढायची आणि तो आकडा खोडून पुन्हा घ्यायचा. मीटर नसेल तर अर्धी भरलेली बाटलीही चालते. समजा, बाटलीने १० मीटर अंतर २५ सेकंदांत कापलं. वरचं पाणी जरा जास्त पळतं, म्हणून त्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. नाला ३ मीटर रुंद, सरासरी खोली २० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला साधारण २०० लिटर. दिवसाचे पावणेदोन कोटी लिटर!

(दृश्य: मे महिन्यातला नाला. वर डोंगर कोरडा, खाली पाणी वाहतं आहे.)

पण थांबा. हा मे महिना आहे. वरचा ओढा कोरडा ठणठणीत, आणि खाली नाला वाहतो आहे. हे पाणी कुणाचं?

आपलंच. नवी मुंबईला पाणी येतं मोरबे धरणातून. ते धावरी नदीवर, पाताळगंगेच्या खोऱ्यात आहे. म्हणजे एरवी ते पाणी धरमतरच्या खाडीला गेलं असतं. ठाण्याच्या नळाला येणारं बरंच पाणी भातसेचं, ते उल्हासच्या खोऱ्यातलं. दोन्ही पाणी घरांतून, मोऱ्यांतून, कुठे मलप्रक्रिया केंद्रातून तर कुठे तसंच, ठाणे खाडीत येतं. उन्हाळ्यात या खाडीला मिळणारं ‘गोडं’ पाणी बहुतांशी असं परखोऱ्यातलं आहे. मापाच्या वहीत जुलै आणि मे एकाच रकान्यात टाकणं म्हणजे शुद्ध गोंधळ.

(दृश्य: मुसळधार पाऊस, तुडुंब धारण तलाव, म्हणजे नाल्याचं पाणी खाडीत जाण्याआधी थोपवणारा तलाव.)

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. एक चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला, की एक कोटी लिटर पाणी झालं. काँक्रीटच्या उतारावर ते मुरणार कुठे? नाला तासाभरात चढतो आणि तसाच उतरतो. अशा वेळी पात्रात कुणीही उतरायचं नाही. पुलाला रंगवलेल्या पट्टीवरून पातळी वाचायची, वेग पुलावरून घ्यायचा. त्यातच मोठी भरती असली, की धारण तलावांची झडप-दारं खाडीच्या दाबाने मिटतात. पाणी आत तुंबतं, ओहोटीला सुटतं. दाराबाहेर उभं राहून तासाभराचं माप घेतलं, तर कधी शून्य येईल, कधी पूर. तिथे भरतीपासून भरतीपर्यंतचे १२ तास २५ मिनिटं बसावंच लागतं, मग पाऊस असो की डास.

आता सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायला नवी मुंबईत सुरुवात झाली आहे. चांगलंच आहे, धरणाचं पाणी वाचतं. पण तेवढं पाणी उन्हाळ्यात खाडीत येणार नाही, आणि तिवरं आणि निवट्या, बोय हे मासे यांच्या वाट्याचा खारेपणा तेवढा बदलेल. किती बदलेल, हे सांगायला एप्रिल-मेची मापं लागतील, दर नाल्याची वेगळी आणि ओहोटीच्या वेळेची.