पहिल्या बाजूचं पाचवं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

तांदूळ निवडायला बसलं की खडे वेचून टाकायचे असतात आणि तांदूळ सुपात राहतो. पण कुणी म्हटलं, ‘क्वीन’चं तुझं आवडतं गाणं एकच निवड, की सगळं उलटं होतं. सुपातला चांगला तांदूळ बाजूला सारायचा आणि एकच दाणा हातात ठेवायचा. परवा माझ्या भाच्यानं हाच प्रश्न विचारला. तो गिटार शिकतोय. “मावशी, एकच सांग. दोन चालणार नाहीत.”

आज त्याला दिलेलं उत्तर तुम्हालाही सांगणार आहे.

‘क्वीन’ हा इंग्लंडमधला बँड, १९७० साली लंडनमध्ये सुरू झालेला. गायला आणि पियानोवर फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, आणि वर्षभरानं येऊन मिळालेला बेसवाला जॉन डीकन. निवड अवघड होते ती अशामुळे, की हे चौघंही गाणी लिहायचे. पुन्हा सांगते, चौघंही. ‘बोहेमियन रॅप्सडी’ फ्रेडीचं. ‘वुई विल रॉक यू’ ब्रायनचं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं. आणि ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचं. ते तर आम्हा रेडिओवाल्यांना घरचंच वाटतं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ७२,००० माणसांनी त्या गाण्यावर हात डोक्यावर नेऊन एका ठेक्यात टाळ्या वाजवल्या. चित्रफीत पाहिली की अजून अंगावर काटा येतो.

‘बोहेमियन रॅप्सडी’ निवडणारे सगळ्यात जास्त भेटतात, आणि त्यांचं चुकतं असं मी कधीही म्हणणार नाही. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं. १९७५ साली एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कोण लावणार, असं भलेभले म्हणत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा निवेदक होता. त्यानं एका शनिवार-रविवारात ते १४ वेळा लावलं. नंतर ते गाणं तिकडे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. गाणं आवडलं तर ते लावायचं आणि लोकांच्या कानावर विश्वास ठेवायचा, एवढंच तर आमचं काम असतं.

पण माझं गाणं ते नाही.

माझं माहेर वाईचं. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी. आणि पाचगणी म्हटलं की लोकांना स्ट्रॉबेरी आठवते, टेबललँड आठवतं. मला आठवतो एक आठ वर्षांचा मुलगा. फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, घराण्याची मुळं गुजरातच्या किनाऱ्यावर, वलसाडकडची. वडील झांझिबारला सरकारी नोकरीत. त्यांनी या मुलाला बोटीनं मुंबईला धाडलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. तिथं मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले. तिथंच तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तर हा आमच्या घाटावरचा फ्रेडी.

इथं मी माझं एक मत सांगून टाकते. आठ वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवू नये. शाळा कितीही उत्तम असो. त्या वयाच्या पोराला झोपताना कुणीतरी पांघरूण सारखं करावं लागतं. त्यातून फ्रेडीसारखे कलावंत घडतात असं कुणी म्हटलं, तरी माझं मत बदलायचं नाही.

बरं. बोटीवर येते, कारण गोष्ट बोटीचीच आहे.

आमचा दादा बोटीवर होता. मर्चंट नेव्हीत, इंजिनरूममध्ये, अगदी खालच्या पदावर. १९८६ साली पहिल्यांदा गेला तो अकरा महिन्यांसाठी. घरात फोन नव्हता. आई निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरात पत्र लिहायची, घडीच्या कडेवरसुद्धा मजकूर असायचा. पत्र मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जायचं, आणि तिथून बोट जिथं लागणार त्या बंदरात. कधी पत्र पोचायचं आणि बोट पुढं गेलेली असायची. मग ते पत्र बोटीच्या मागं मागं.

त्या अकरा महिन्यांत आमची आजी गेली. भाद्रपदात गेली. दादाला ते सात आठवड्यांनी कळलं. आजी गेल्याचं पत्र मागं राहिलं होतं आणि त्याच्या नंतरचं पत्र आधी मिळालं होतं. त्या नंतरच्या पत्रात आईनं सहज लिहिलं होतं, की आजीचं वर्षश्राद्ध तू आल्यावरच करू. माझ्या भावाला आजी गेल्याचं असं कळलं.

तो घरी आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दोन बॅगा, एक टू-इन-वन आणि चपलेच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट. आला, पाया पडला, चहा घेतला आणि माजघरात गेला. आजीची खाट तिथं असायची, ती आम्ही माळ्यावर टाकली होती. पण शहाबादी फरशीवर खाटेच्या चार पायांचे चार गोल डाग तसेच होते. इतक्या वर्षांच्या सारवणानं, पुसण्यानं आजूबाजूची फरशी फिकी पडलेली, आणि तेवढे चार गोल काळसर. दादा त्या चार डागांच्या मधोमध जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग मला म्हणाला, “अगं, मला तर परवाच गेल्यासारखं वाटतंय.”

त्यानंतर आठवड्यानं, दुपारची वेळ. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. दादानं टू-इन-वन बाहेर आणला आणि कॅसेट लावली. क्वीनचीच, ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’. हल्ली कुणी गाणी क्रमानं ऐकत नाही, हे मला मनापासून खटकतं. कुठल्या गाण्यानंतर कुठलं यावं, याचा त्या लोकांनी रात्र रात्र विचार केलेला असतो. आपण पंगतीत आधी भात मग पोळी असं काहीही वाढतो का? तर दादानं पहिली बाजू पहिल्यापासून लावली. चार गाणी झाली. आईची मान खालीच. आणि पाचवं गाणं सुरू झालं, तेव्हा तिनं मान वर केली. गिटारवर साधा ठेका, लोकांनी एकत्र बसून म्हणावं तसं गाणं, मागं कितीतरी आवाज एकात एक गुंफलेले.

“हे काय म्हणतायत रे?” आईनं विचारलं.

दादानं गाणं थांबवलं आणि सांगायला लागला. “अगं आई, गाण्याचं नाव ‘थर्टी नाइन’. एकोणचाळीस साल. त्या साली काही माणसं स्वतःहून निघतात. जहाजातून. पण हे जहाज आकाशात जाणारं. आपली जमीन जुनी झालीय, नवी जमीन बघायला ते निघालेत. वर्षभरानं परत येतात, चांगली बातमी घेऊन. जमीन सापडलीय. पण त्यांचं एक वर्ष झालं, तेवढ्यात इकडे शंभर वर्षं गेलेली असतात.”

आईचा हात सुपात थांबला. “मग घरात कोण होतं त्याच्या?”

“त्याची माणसं नव्हती. त्याच्या रक्ताची एक मुलगी भेटते. तिच्या डोळ्यांत त्याला तिच्या आईचे डोळे दिसतात.”

आई काही बोलली नाही. अंगठ्यानं दोन खडे कडेला सारले. मग म्हणाली, “निघताना ठाऊक होतं त्याला?”

दादाला उत्तर सुचलं नाही. मला आठवतंय, तो कॅसेटच्या कव्हरवर बोट फिरवत बसला होता. मग त्यानं सांगितलं, की तो गाण्यात बायकोला म्हणतो, माझ्यासाठी वाळूत पत्रं लिहून ठेव.

“वाळूत लिहिलेलं राहतं होय?” आई म्हणाली. आणि लगेच, “परत लाव.”

त्यानं परत लावलं. त्या दुपारी तिनं ते चार वेळा ऐकलं. कॅसेट मागं घ्यायला दादा पेन्सिल वापरायचा, टू-इन-वनचं बटण बिघडू नये म्हणून. तेवढ्या वेळात ओसरीवर पेन्सिलीची कुर्रकुर्र आणि सुपातल्या तांदळाची सळसळ, एवढाच आवाज. चौथ्यांदा गाणं संपलं तेव्हा आई म्हणाली, “पुढच्या खेपेला निघताना सगळ्यांच्या पाया पडून जा. म्हाताऱ्या माणसांच्या दोनदा.”

श्रोतेहो, आमच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. गाणं ओसरीवर लागलं म्हणून ते तिच्यापर्यंत पोचलं. दादानं ते कानात घालून एकट्यानंच ऐकलं असतं, तर आमच्या घरात ते आलंच नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, गाणं घरात मोठ्यानं लावत जा.

आता थोडं शास्त्र, वेळ कमी उरलाय. हे गाणं ब्रायन मे यांनी लिहिलं. ते शिकत होते खगोलभौतिकी. पीएचडी बँडपायी अर्धवट सोडली होती. ती त्यांनी २००७ साली पूर्ण केली, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून, सूर्याभोवती पसरलेल्या बारीक धुळीवर. तेव्हा गाण्यातलं एक वर्ष आणि शंभर वर्षं ही नुसती कल्पना नव्हे. जहाज प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेलं की त्यातलं घड्याळ घरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. हे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतातून येतं. एकाला शंभर असा फरक पडायचा, तर वेग लागेल प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के. ब्रायन यांची गिटारही अशीच घरातल्या जुन्यातून आलेली. वडिलांबरोबर त्यांनी ती घरी घडवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. पट्टीवरच्या पांढऱ्या टिकल्या आहेत आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. रेकॉर्डवर हे गाणं ब्रायन स्वतः गायले आहेत. पण कार्यक्रमात, रंगमंचावर, ते फ्रेडी गायचा. लक्षात घ्या, लिहिलं ब्रायननं, रंगमंचावर गायला फ्रेडी. आठव्या वर्षी बोटीनं घरापासून निघालेला तो पाचगणीचा मुलगा. १९६३ साली तो झांझिबारला परतला, आणि पुढच्याच वर्षी तिथं क्रांती झाली. सगळ्या कुटुंबाला घर सोडून इंग्लंडला जावं लागलं. ज्या घराकडे परत जायचं, ते घरच उरलं नाही. तो हे गाणं म्हणताना काय मनात आणत असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. मी मात्र ते ऐकते तेव्हा घाट चढणारी एक गाडी दिसते आणि मागच्या काचेला लावलेलं एक नाक.

भाच्याला मी हेच सांगितलं. ‘थर्टी नाइन’. तो म्हणाला, मावशी, हे तर मी कधी ऐकलंच नाही. मग लावलं. मोठ्यानं. दादा आता निवृत्त आहे, वाईलाच असतो. त्याला फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून तो काही बोलला नाही, पण गाण्यातल्या मागच्या आवाजांत त्यानं आपला आवाज मिसळलेला मला ऐकू आला.

गाणं साडेतीन मिनिटांचं आहे आणि माझ्याकडे नेमका तेवढाच वेळ उरला आहे. घरात कुणी वडीलधारं माणूस असेल, तर त्यांना जरा बाहेरच्या खोलीत बोलवा. आवाज थोडा वाढवा. लावते.