वळणाच्या आधी

(रात्र. काचेवर पाऊस. वायपरची ये-जा.)

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोर रस्ता फुटतो. दोन फाटे, दोन्ही उजवीकडेच जाणारे, एक थोडा अलीकडे, एक थोडा पलीकडे. काचेला चिकटवलेलं यंत्र म्हणतं, "उजवीकडे वळा." कुठल्या उजवीकडे? मी स्क्रीनकडे पाहिलं. शेजारी बसलेली ताई ओरडली, "समोर बघ!" जेमतेम दोन सेकंद गेले असतील. तेवढ्यात गाडी ४४ मीटर पुढे गेली होती, आणि त्या ४४ मीटरांत समोर पाहणारी एकटी ताईच होती.

त्या रात्री काही विपरीत घडलं नाही. फाटा चुकला, अर्धा तास वाढला, एवढंच. पण गाडीत ठेवायचा नॅव्हिगेटर कसा निवडायचा, हा प्रश्न माझ्यासाठी त्या रात्रीपासून बदलला. स्क्रीन किती इंची, खोक्यावर किती देशांचे नकाशे छापलेत, हे सगळं नंतर. वळणाच्या आधी यंत्र वेळेवर आणि नेमकं बोलतं का, आणि माझी नजर रस्त्यावर राहू देतं का, ते आधी.

(मोकळं आकाश. कॅमेरा हळूहळू वर जातो.)

यंत्राची पारख करायची तर त्याला वरून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते माहीत हवं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. पूर्ण पृथ्वीवर सेवा द्यायला किमान २४ लागतात. प्रत्येक उपग्रह दिवसातून साधारण दोन फेऱ्या मारतो, आणि सतत एकच गोष्ट सांगत राहतो: मी इथे आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.

पुष्कळांना वाटतं की उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो. त्याला आपली गाडी ठाऊकच नसते. आपलं यंत्र फक्त ऐकतं. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सेकंदाचा साधारण पंधरावा भाग जातो. त्या वेळावरून यंत्र अंतर काढतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की आपली जागा सापडायला हवी, पण अडचण घड्याळाची असते. वर अणुघड्याळं, खाली आपल्या यंत्रात साधं स्वस्त घड्याळ. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या मदतीने यंत्र आपल्या घड्याळाची चूक स्वतःच शोधून काढतं. मला ही सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

(जुन्या रॉकेटची चित्रफीत.)

पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली गेला. अमेरिकेच्या सैन्याची ही योजना. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं, की ही व्यवस्था तयार झाली की सर्वसामान्यांनाही मोफत वापरता येईल. ती वापरायला मिळालीही, पण नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे व्हायची. शंभर मीटरांत दोन समांतर रस्ते सहज बसतात. अशा यंत्राने "आता वळा" म्हणावं तरी कसं? २ मे २००० रोजी ही मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली आणि अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी सुधारली. गाडीच्या काचेवरच्या छोट्या डब्या घरोघरी पोहोचल्या त्या त्यानंतरच्या वर्षांत.

त्याआधीही काही जिद्दी माणसं होती. १९८५ मध्ये अमेरिकेत 'ईटॅक' नावाचं यंत्र बाजारात आलं. उपग्रह नाहीत. चाकांना लावलेले सेन्सर, एक होकायंत्र, आणि नकाशे चक्क कॅसेटवर. प्रशांत महासागरातल्या नावाड्यांच्या एका जुन्या पद्धतीवरून हे नाव घेतलं होतं. ते नावाडी असं धरून चालत, की आपली होडी जागच्या जागी आहे आणि बेटंच आपल्याजवळून सरकत जात आहेत. आजही स्क्रीनवर बघा, गाडीचा बाण जागेवर उभा असतो आणि नकाशा त्याच्याखालून सरकतो.

(दुकानातलं कपाट. एकसारखी दिसणारी यंत्रं रांगेत.)

आता निवडीकडे. उपग्रहांचा संदेश सर्वांना सारखा आणि फुकट मिळतो. मग दोन यंत्रांत फरक कशाचा? थोडा ऐकण्याच्या क्षमतेचा. फक्त जीपीएस ऐकणाऱ्या यंत्रापेक्षा रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू यांचंही ऐकणारं यंत्र घ्यावं. उंच इमारतींच्या रांगेत आकाशाची पट्टीच तेवढी दिसते, आणि संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो. अशा वेळी जितके जास्त उपग्रह ऐकू येतील तितकं बरं.

पण खरा फरक नकाशाचा. यंत्राला उपग्रहांवरून कळतो तो फक्त एक ठिपका. तो ठिपका कुठल्या रस्त्यावर आहे, तिथून वळता येतं का, तो रस्ता एकेरी आहे का, हे सगळं नकाशा सांगतो. नकाशा कोणीतरी रस्त्यावर हिंडून, मोजून, तपासून बनवलेला असतो, आणि ज्या दिवशी बनतो त्याच दिवसापासून जुना व्हायला लागतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: नवे नकाशे किती वर्षं मिळणार आणि कसे भरायचे?

खोक्यावर 'आजीवन नकाशे' लिहिलेलं असेल, तर कोणाचं आजीवन ते बारीक अक्षरांत वाचा. माझ्या एका यंत्रावर हेच लिहिलं होतं. काही वर्षांनी नवा नकाशा भरायला गेलो, तर उत्तर आलं की या मॉडेलसाठी आता नकाशे निघत नाहीत. यंत्र उत्तम चालत होतं, बॅटरी धड होती, पण कंपनीच्या लेखी त्याचं आयुष्य संपलेलं होतं. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. नकाशाचं आश्वासन हाच ज्या वस्तूचा प्राण आहे, तिथे मुदत ठळक अक्षरांत छापायला हवी. आणखी एक: नवे नकाशे जुन्यांपेक्षा मोठे होत जातात. यंत्रातली जागा पुरली नाही तर मेमरी कार्ड घालायला खाच आहे का, ते बघून घ्या.

वापरलेलं यंत्र घेणार असाल, तर सुरू करून आधी त्यावरची तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजायला १०२४ पर्यंतच जागा आहे. ते भरले की मोजणी पुन्हा शून्यापासून. ६ एप्रिल २०१९ रोजी तसं झालं आणि ज्यांचं सॉफ्टवेअर अद्ययावत नव्हतं अशी काही जुनी यंत्रं वीस वर्षं मागे गेली. तारीखच चुकली, तर कुठला उपग्रह कुठे असेल याचा हिशोबही डळमळतो.

(उड्डाणपूल. वर गाड्या, खाली गाड्या.)

हे दृश्य नीट बघा. पुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी, नकाशावर दोघींचा ठिपका एकाच जागी. जीपीएसला उंचीचा अंदाज तितकासा चांगला येत नाही. त्यामुळे यंत्र अंदाज बांधतं: मागच्या दोन मिनिटांत गाडी कशी आली, वेग किती होता, म्हणजे ती बहुधा वर असेल. चांगलं यंत्र चूक लवकर ओळखतं. वाईट यंत्र खालच्या रस्त्याची वळणं पुलावर सांगत बसतं. विकत घेण्याआधी शक्य असेल तर अशाच एखाद्या ठिकाणी ते चालवून बघा.

आता आवाज. काही यंत्रांत आधी रेकॉर्ड केलेली ठराविक वाक्यं असतात: डावीकडे वळा, सरळ जा. काही यंत्रं मजकूर वाचून बोलतात, त्यामुळे रस्त्याचं नाव, पाटीवरचा मजकूर उच्चारू शकतात. दुसऱ्या प्रकारचं घ्या, उच्चार थोडे वेडेवाकडे असले तरी. नाव ऐकलं की डोळे आपोआप रस्त्यावरची पाटी शोधतात, म्हणजे नजर बाहेरच राहते. आणि लेन सांगणारं घ्या. "५०० मीटरनंतर उजवीकडच्या दोन लेन" हे वाक्य मला त्या पावसात मिळालं असतं, तर ताईला ओरडावं लागलं नसतं.

पुढे ताईनेच एक परीक्षा शोधून काढली. गाडी ती चालवायची, यंत्रावर माझा रुमाल टाकायचा, आणि रोजच्या सवयीच्या रस्त्याने जायचं. आपल्याला वाट पाठ असते, त्यामुळे यंत्र काय बोलायला हवं होतं ते आपल्याला माहीत असतं. मी शेजारी बसून लिहून घ्यायचो. कुठे उशिरा बोललं, कुठे उगाच बोललं, कुठे दोन वळणं एकापाठोपाठ असताना पहिलंच सांगून गप्प बसलं. तीन यंत्रं आम्ही अशी तपासली. सर्वांत मोठ्या स्क्रीनचं यंत्र रुमालाखाली सर्वांत निरुपयोगी ठरलं.

स्क्रीनबद्दल एवढंच: पाच-सहा इंच पुष्कळ होतात. मोठी स्क्रीन काचेतून दिसणारा रस्ता खाते. भर उन्हात वाचता येते का आणि रात्री आपोआप मंद होते का, ते बघा. काळोखात झगझगीत नकाशाकडे पाहून मान वर केली, की क्षणभर रस्ता दिसेनासा होतो.

(काचेवर रबरी कप दाबणारा हात.)

यंत्र लावायची जागा हा स्वतंत्र विषय आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, नजरेच्या आड येणार नाही असं, आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेत कधीच नाही. काही देशांत काचेवर काही चिकटवायला कायद्याने मनाई आहे, तिथे डॅशबोर्डवरचा स्टँड घ्यावा. काही गाड्यांच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो आणि तो उपग्रहांचे संदेशही अडवतो. यंत्र बाहेर चालतं आणि गाडीत बसलं की मुकं होतं, असं झालं तर दोष काचेचा असू शकतो. वायर स्टिअरिंगजवळून नेऊ नका. गाडी उभी केली की यंत्र काढून घ्या, तापलेल्या गाडीत लिथियमची बॅटरी लवकर मरते. आणि काचेवरचा गोल डागही पुसा. आत यंत्र आहे, हे चोराला तो डाग सांगतो.

मग फोन का नको? हा प्रश्न रास्त आहे. रोज शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला फोन पुरतो, वेगळं यंत्र घेऊ नये, असंच मी सांगेन. फोनला ताजी वाहतूक कळते, नकाशा नवा असतो. उपग्रह ऐकायला फोनलाही नेटवर्क लागत नाही, नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला, आणि तोही आधी उतरवून ठेवता येतो. पण लांबच्या प्रवासात फोन तापतो, मध्येच कोणाचा तरी फोन येतो, आणि नेमका वळणावर नकाशा झाकला जातो. ज्यांना सतत लांब जायचंय त्यांनी वेगळं यंत्र जरूर घ्यावं. ट्रक किंवा मोठी व्हॅन चालवणाऱ्यांनी तर वाहनाची उंची आणि वजन भरता येणारंच घ्यावं. साध्या यंत्राच्या दृष्टीने साडेतीन मीटर उंचीचा पूल आणि मोकळा रस्ता सारखेच.

(बोगदा. स्क्रीनवरचा बाण गोठतो.)

बोगद्यात संदेश पोहोचत नाही. गाडीत कंपनीनेच बसवलेली यंत्रणा चाकांचे फेरे मोजून पुढे जाते. हातात नेण्याजोगी बहुतेक यंत्रं शेवटचा वेग धरून अंदाजाने बाण ढकलत राहतात. आत फाटा असेल, तर कुठली लेन धरायची ते शिरण्याआधीच पाठ करा.

नवं यंत्र घरी आणलं की पहिल्या दिवशी त्याला उघड्या आकाशाखाली, एका जागी स्थिर, पाव तास राहू द्या. उपग्रहांची पूर्ण यादी सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या गतीने येते, त्याला साडेबारा मिनिटं लागतात. सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागला म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नका. मग सवयीचा एखादा रस्ता निवडा, स्टिअरिंगवर दुसऱ्या कोणाला तरी बसवा, आणि स्क्रीनवर रुमाल टाका. यंत्र परत करण्याची मुदत संपायच्या आत.