तीन काड्या आणि वळिवडे

कोल्हापूरचं गांधीनगर म्हटलं की आपल्याला होलसेल कापड मार्केट आठवतं. पण १९४३ ते ४८ या काळात इथे वळिवड्याला एक आख्खं पोलिश गाव होतं, म्हणजे निर्वासितांची छावणी, साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. आणि छावणीला पैसे यायचे ते लंडनहून, पोलंडच्या सरकारकडून. हो, देश जर्मनीच्या ताब्यात आणि सरकार लंडनमध्ये.

झालं असं की १९३९ ला हिटलर आणि स्टालिनने मिळून पोलंड वाटून घेतला. सरकार आधी फ्रान्सला गेलं, तिथेही जर्मन आले मग लंडन. पूर्व पोलंडमधल्या लोकांना स्टालिनने मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. मग १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला, आणि स्टालिन एका रात्रीत चर्चिलचा दोस्त! पोलिश पंतप्रधान सिकोर्स्कींनी पण मनावर दगड ठेवून ३० जुलैला त्याच्याशी करार केला. सीमेचं काय ते ठरलंच नाही, म्हणून तीन मंत्री राजीनामा देऊन मोकळे झाले. पण माणसं सुटली ना, इराणमार्गे बाहेर पडली, वळिवड्याचे लोक त्यातलेच.

एप्रिल १९४३. रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली, पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिनने संबंधच तोडले. मारलं कोणी, तर त्याच्याच लोकांनी, हे मॉस्कोने कबूल केलं थेट १९९० ला. जुलैमध्ये सिकोर्स्की जिब्राल्टरला विमान अपघातात गेले.

आणि नोव्हेंबरात तेहरानला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांची बैठक. चर्चिलने टेबलावर तीन काड्या ठेवल्या, आगपेटीतल्या, आणि सरकवून दाखवलं, पोलंड असा पश्चिमेला ढकलू, म्हणजे पूर्वेचा भाग स्टालिनला. रूझवेल्ट स्टालिनला म्हणाले माझी हरकत नाही, पण आत्ता जाहीर नको, पुढच्या वर्षी निवडणूक आहे आणि अमेरिकेत पोलिश मतं खूप आहेत. (वाचून ओळखीचं वाटलं ना?) पोलिश सैनिक मात्र लढतच होते, पुढच्या मे महिन्यात इटलीत मोंते कासिनोवर झेंडा त्यांनीच लावला. तेहरानला काय ठरलंय हे नवे पंतप्रधान मिकोवायचिक यांना कळलं ऑक्टोबर १९४४ ला, मॉस्कोत, तेही स्टालिनचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हच्या तोंडून, आणि चर्चिल शेजारी बसलेले.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनच्या सरकारची मान्यताच काढली. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं त्या पूर्व भागातच होती, म्हणजे परत जायचं तर कुठे? कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला, थोडे पोलंडला. बराकी रिकाम्या झाल्या, आणि तिथे राहायला आले फाळणीत सिंध सुटलेले सिंधी.